चेहरा द्यायला

अण्णा "हाच" म्हणाले तेव्हा थोरलीला आधी वाटलं, गंमत करताहेत. मग तिला आठवलं की या माणसाने कामाच्या बाबतीत उभ्या जन्मात गंमत केलेली नाही, आणि घरात केली ती कायम दुसऱ्याच्या जिवावर. ती दिव्याखाली उभी होती, मान सरळ, स्विचचा डबा हातात, डोळे समोरच्या पत्र्याच्या भिंतीवर. दिवा म्हणजे दिवाच. तीन मजले उंच असो की टेबलावर मावणारा, त्यांच्या कारखान्यात त्याला दिवाच म्हणत. झुंबर हा शब्द अण्णांच्या कानाला चालत नसे, झुंबर लग्नाच्या हॉलात लोंबतं म्हणायचे. हा दिवा एका कॅन्सरच्या हॉस्पिटलच्या मधल्या चौकात काचेच्या छपरापासून खाली उतरायचा होता: स्टीलची कडी एकाखाली एक, कड्यांवरून तारांनी लोंबणाऱ्या, तोंडाने फुंकलेल्या काचेच्या शेंगा, आणि प्रत्येक शेंगेच्या देठात उजेडाची एक छोटी पट्टी. त्यातलं सगळ्यात खालचं कडं आज कारखान्यातल्या गर्डरला टांगलं होतं, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, आणि कोणती पट्टी घालायची ते ठरत होतं. दोन गरम पट्ट्या दाखवायच्या होत्या आणि मध्ये, रिवाजाप्रमाणे, चूळ. चूळ म्हणजे निळसर पांढरी, थंडगार पट्टी. दोन उबदार उजेड एकामागून एक बघितले की डोळा पहिल्याचीच चव धरून बसतो, दुसऱ्याला न्याय मिळत नाही; म्हणून मध्ये ही पट्टी लावून नजर खळखळून घ्यायची, हा अण्णांनीच पाडलेला शिरस्ता. त्या उजेडात धडधाकट माणूससुद्धा शवागारातून उठून आल्यासारखा दिसे. चूळ भरून थुंकायची असते. अण्णा ती गिळून मोकळे झाले होते. "हाच," ते पुन्हा म्हणाले. "ऊब आहे याच्यात." थोरलीने मान न हलवता डब्यावरची आपली बोटं बघितली. नखं जांभळी दिसत होती.

दिव्याकडे बघून दिवा कळत नाही, हे अण्णांचं पहिलं आणि शेवटचं तत्त्वज्ञान. दिव्याकडे गाढवही बघतं. दिवा माणसाच्या चेहऱ्यावर काय करतो ते बघायचं. म्हणून प्रत्येक दिव्याच्या आधी कुणीतरी त्याच्याखाली उभं राहायचं, याला कारखान्यात 'चेहरा देणं' म्हणत, आणि हे कुणीतरी म्हणजे थोरली. झबल्यातून फ्रॉकमध्ये आली तेव्हापासून थोरलीच. शाळेतून आली की दप्तर बाकावर आपटायचं आणि हाक यायची, "थोरले, चेहरा द्यायला ये." पापणी लववायची नाही, नाक खाजवायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. अण्णा समोर स्टुलावर बसायचे, गुडघ्यावर कोपर, हनुवटी मुठीत, आणि बघत राहायचे, आणि त्या बघण्याची तिला इतकी सवय लागली की लहानपणी बराच काळ तिला वाटायचं बाप लेकीकडे असंच बघतो. एकदा धाकटीने हट्ट धरला, मलाही उभं करा. अण्णांनी तिला उभं केलं, दोन पट्ट्या बदलल्या आणि खाली उतरवलं. "ही नको," आईला म्हणाले, थोरलीसमोरच म्हणाले, "हिचा चेहरा कुठल्याही उजेडात गोड दिसतो. कामाचा नाही. थोरलीचं बरं आहे, तिच्या चेहऱ्यात स्वतःचं असं काही नाही, उजेड जसाच्या तसा दिसतो." आई म्हणाली, "अहो, काय बोलता!" अण्णा म्हणाले, "अगं, कौतुक करतोय." आणि ते खरंच कौतुक करत होते, हीच तर गोम. थोरलीने ते वाक्य त्या दिवशी जेवणाबरोबर गिळलं आणि मग आयुष्यभर रवंथ करत बसली. धाकटी गोड चेहऱ्यानिशी समुद्रापलीकडे निघून गेली, सणासुदीला फोनवर दिसते, अण्णा फोन डोळ्यांशी धरून म्हणतात, बघा, त्या फालतू ट्यूबलाइटमध्येही कशी दिसते पोर.

आणि इतकी वर्षं थोरली काय नुसती खांबासारखी उभी होती? कड्यांचं वजन कुठल्या तारेवर किती येतं हे कोण काढत होतं? शेंगा फुंकणाऱ्यांच्या भट्टीपाशी कोण उभं राहत होतं, एक शेंग जाड आणि दुसरी पातळ झाली तर दिवा एका बाजूला लंगडतो हे कुणाला कळत होतं? गेल्या कित्येक दिव्यांचं पहिलं चित्र तिच्या टेबलावर जन्मलं होतं. अण्णा येऊन त्यावर बोट ठेवत, "इथे श्वास घ्यायला जागा ठेव," म्हणत, आणि बाहेर तो दिवा अण्णांचा होऊन जाई. तिला पैसा नको होता, कारखाना तर आपसूकच तिच्या गळ्यात पडणार होता. तिला एक वाक्य हवं होतं. लोकांसमोर, मोठ्याने, अण्णांच्या तोंडून: हे थोरलीचं काम. एवढंच. एखाद्या बाईला सोन्याची हौस असते, कुणाला फिरायची. हिला एका वाक्याची होती, आणि ती हौस वयाबरोबर कमी होण्याऐवजी दुखऱ्या दातासारखी वाढत चालली होती. त्या सकाळीच एका मासिकाची बाई आली होती, अण्णांची मुलाखत घ्यायला. थोरलीने चहा दिला नाही, मुद्दाम दिला नाही, नकाशे पसरून टेबलाशीच थांबली, म्हणजे बाई विचारील. बाईने विचारलंही, "आणि या?" थोरलीने नकाशा पुढे सरकवला. अण्णा म्हणाले, "ही माझी थोरली. चेहरा देते." बाईला वाटलं मॉडेलिंग वगैरे, तिने थोरलीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि समजूतदारपणे पेन खाली ठेवलं. या अपमानाचा घोट घशात असतानाच थोरली दुपारी दिव्याखाली उभी राहिली होती. कामगार जेवायला गेले होते, छपरावरच्या उजेडाच्या पत्र्यांवर ताडपत्री ओढलेली होती, आत दोघंच. तिने ठरवलं होतं, आज दार बंद. चेहरा हवा ना? घ्या चेहरा. आत कुणी नाही. तिने पहिली पट्टी लावली, मग चूळ, आणि तेवढ्यावरच अण्णा म्हणाले होते, हाच.

"परत दाखव," अण्णा म्हणाले. "तिन्ही." आता तिला जे वाटलं ती भीतीही नव्हती आणि आनंदही नव्हता, लहानपणी चोरून कुणाच्या खोलीत शिरताना वाटायचं तसं काहीतरी होतं. म्हणजे यांना दिसत नाही. ज्या डोळ्याच्या जिवावर या माणसाने जन्मभर सगळ्यांची बोलती बंद केली, तो डोळा गेला, आणि हे कुणाला, कुणालाही, माहीत नाही. तिने पहिली गरम पट्टी लावली. चेहरा बंद. अण्णा स्टुलावर पुढे सरकले. तिने चूळ लावली. आपल्या हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत तो निळा उजेड साचतोय हे तिला न बघता कळत होतं. इतक्या वर्षांत तिची कातडीच डोळा झाली होती. अण्णा उठले. तिच्यासमोर येऊन उभे राहिले, इतक्या जवळ की त्यांच्या श्वासाला येणारा खोकल्याच्या गोळीचा वास आला. कपाळ बघितलं, तोंडाचा कोपरा बघितला, डोळे बघितले. तिने आतल्या आत दात दाबून धरले पण जबडा हलू दिला नाही. बघा, तिला वाटलं, नीट बघा, मढं उभं आहे तुमच्यासमोर, दिसतंय का? मग दुसरी गरम पट्टी. मग पुन्हा चूळ, अण्णांनी हातानेच खूण केली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी अण्णांचे खांदे सैल झाले, तिने ते पूर्वी कधी बघितलं नव्हतं, आणि ते जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "हाच. असा सापडला नव्हता आजवर." थोरली म्हणाली, "बरं." आणि डब्याचं बटण बंद केलं.

तिला सांगता आलं असतं. एक वाक्य: अण्णा, ती चूळ आहे. पण हे वाक्य तोंडात आलं की त्याच्या शेजारी दुसरं येऊन बसायचं, चेहरा देते, आणि पहिलं मुकाट्याने मागे सरायचं. त्यातून तिच्या लक्षात आलं की एखादं गुपित आपल्या मुठीत असलं की माणूस ताठ चालतो. ती ताठ चालू लागली. वेल्डरला सगळे ठिणगी म्हणत, काम म्हणून नव्हे, स्वभाव म्हणून. त्याने पट्ट्यांची खोकी उघडताना एक लावून बघितली आणि तो थेट तिच्याकडे आला. "ताई, माल बदलून आलाय. ही चुळीची पट्टी आहे." "बदललेला नाही," ती म्हणाली. "अण्णांनी निवडलीय." ठिणगीने पट्टीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "कॅन्सरच्या दवाखान्यात?" "अण्णांनी स्वतः निवडलीय. जाऊन विचार त्यांना, हिंमत असेल तर." ठिणगीची हिंमत भट्टीसमोर आणि उंचीवर होती, अण्णांसमोर नव्हती. "आपल्याला काय," तो म्हणाला, "हत्तीच्या पायाखाली आपला पाय कोण घालणार?" आणि पट्ट्या शेंगांत बसू लागल्या. आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की मला सुंदर दिवा नकोय, मला असा उजेड हवाय की खुर्चीत बसलेल्या माणसाला शेजारचा आजारी वाटू नये. आणि शेजाऱ्याकडे बघून स्वतःची धास्ती वाटू नये. "ऊब आहे ना?" त्यांनी विचारलं. "अण्णा म्हणाले, अशी आजवर सापडली नव्हती," थोरली म्हणाली. खोटं एक अक्षर बोलली नाही ती.

घरी तिने खेळ मांडला. वाईट खेळ होता, पण मांजराला उंदीर सापडला की ते काही लगेच खात नाही. धुतलेल्या मोज्यांतला एक काळा आणि एक गडद निळा तिने जोडी करून अण्णांच्या खणात ठेवला. अण्णा ते घालून कारखान्यात आले, पाय टेबलावर टाकून बसले, आणि थोरली दिवसभर त्या पायांकडे बघत होती. चहात दूध कमी घालून दिलं, काळा कुळकुळीत, तर अण्णा घोट घेईपर्यंत काही बोलले नाहीत, घोट घेतल्यावर म्हणाले, "दूध आटलं का गं घरातलं?" आईने मोजे बघितले आणि गुपचूप बदलले. "वय झालं त्यांचं," आई म्हणाली, "तू तरी लक्ष देत जा." थोरली हसली. तिला खूप वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवला, इमारतींच्या वायरिंगचा इंजिनिअर, ज्याच्याबरोबर ती काही संध्याकाळी नदीकाठी बसली होती. लाजाळू, हळू बोलणारा. तिने त्याला घरी आणलं. अण्णांनी जेवणानंतर त्याला बैठकीतल्या दिव्याखाली उभं केलं, खेळीमेळीत, पाठीवर हात ठेवून. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "थोरले, हा उजेड सगळा पितो, परत काही देत नाही. याच्यासमोर बसून आंधळी होशील." तो माणूसही हसला, काय करणार. मग आला नाही. आणि कमाल म्हणजे पुढे तिला त्याचा चेहरा आठवायचा तो तसाच, उजेड पिणारा. अण्णांनी एका वाक्यात तिच्याही डोळ्यांतून तो पुसून टाकला होता. या माणसाचा डोळा गेला, तिला वाटायचं, देव अगदीच झोपलेला नाही. मग खोलीत एकटी असताना तिला शरम वाटायची, आणि शरमेचा राग यायचा, आणि तो राग पुन्हा अण्णांच्याच खात्यावर.

हॉस्पिटलात दिवा चढवायचं काम सुरू झालं. चौकात लोखंडी मचाण उभं राहिलं, त्याला हिरवं कापड लावलं, आणि कापडाबाहेर खुर्च्यांच्या रांगांत माणसं बसून राहिली, जशी रोज बसतात: कुणी फाइल मांडीवर धरून, कुणी टोपी घालून, कुणी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. पट्ट्या दिवसाउजेडी तपासल्या जात, एकेक कडं, पेटलं की विझवलं. काचेच्या छपरातून ऊन येत असे, त्या उन्हात कुठली पट्टी थंड आणि कुठली गरम, कोणाच्या बापाला कळत नव्हतं. आणि अख्खा दिवा सोपवायच्या दिवसापर्यंत पेटवायचा नाही, हाही अण्णांचाच शिरस्ता: पहिला उजेड धन्याच्या डोळ्यांत पडला पाहिजे, कारागिराच्या नाही. थोरली मचाणाखाली उभी राहून वर शेंगा चढताना बघायची आणि मध्येच कापडाच्या फटीतून खुर्च्यांकडे नजर जायची. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई रोज तिथे असे, तिच्या वयाची, सतत पर्समधून काहीतरी काढायची आणि परत ठेवायची. एकदा दोघींची नजर भेटली. बाई म्हणाली, "छान होणार हो. आम्ही वाट बघतोय." त्या दिवशी थोरली तडक परत गेली आणि अण्णांच्या खोलीत शिरली. आता सांगायचंच, तिने ठरवलं होतं, पट्ट्या बदलायला अजून वेळ आहे.

"अण्णा, पट्टीचं जरा बोलायचं होतं." अण्णांनी मान वर केली, चष्मा काढला, तिच्याकडे बघत राहिले. "बोल." ती मनात वाक्य जुळवू लागली. "अगं बोल की, तोंडात मूग धरल्यासारखी काय उभी? पट्टीचं काय? ठीक आहे ना सगळं?" "म्हणजे..." "आणि हो," अण्णा म्हणाले, "विसरण्याआधी सांगतो. धाकटीला फोन लाव, सोपवायच्या दिवशी येता आलं तर बघ म्हणावं. फोटो निघतील, पेपरात येतील. घरातला एखादा चेहरा बरा नको?" थोरलीच्या आत काहीतरी शांतपणे मिटलं. इतकं शांतपणे की तिला स्वतःलाच नवल वाटलं. "लावते फोन," ती म्हणाली. "आणि पट्टीचं?" "काही नाही. खोकी वेळेवर आली, एवढंच." अण्णा अजून बघत होते, डोळे बारीक करून, कपाळापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत. "नक्की ना? ठीक आहे ना थोरले?" तिने तो दिव्याखालचा चेहरा काढून तोंडावर बसवला. "तुम्ही निवडलंय म्हणजे ठीकच असणार." "हं," अण्णा म्हणाले आणि चष्मा पुन्हा घातला. धाकटीला सुट्टी मिळाली नाही.

सोपवायच्या दिवशी संध्याकाळ व्हायची वाट बघितली. छपराची काच काळवंडली, चौकातले जुने दिवे मालवले. मोठे डॉक्टर होते, देणगीदार होते, आर्किटेक्ट बाई साडीला पिन लावत होत्या, आई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आणि मागे खुर्च्यांवर पेशंट, कारण बाईंनी आग्रह धरला होता की दिवा त्यांचा आहे, त्यांच्यासमोर पेटला पाहिजे. अण्णांनी बटणावर हात ठेवला. थोरली त्यांच्या शेजारी. आता सांगितलं तरी उपयोग नाही, तिला वाटलं, आणि या विचाराने तिला हायसं वाटलं, एवढी ती पुढे गेली होती. अण्णांनी बटण दाबलं. दिवा वरून खाली पेटत आला, एकेक कडं करत, आणि देखणा होता हो, कुणीही म्हटलं असतं, शेंगा पाण्यासारख्या हलत होत्या. सगळ्यांनी माना वर केल्या आणि आ केला. मग माना खाली आल्या. तेव्हा त्यांनी एकमेकांना बघितलं. थोरलीने ते घडताना बघितलं, रांगेमागून रांग. ओठ जांभळे, डोळ्यांच्या जागी खड्डे, कातडी ओल्या कागदासारखी. एका म्हाताऱ्याने बायकोकडे वळून बघितलं आणि घाईघाईने दुसरीकडे बघितलं, पण तिने ते टिपलं आणि आपला पदर ओढून गालावर घेतला. रुमालवाल्या बाईने पर्समधून छोटा आरसा काढला, त्यात बघितलं, आणि या वेळी तो परत पर्समध्ये ठेवला नाही, मांडीवर पालथा घातला. एका लहान मुलाने आईला मोठ्याने विचारलं, "बाबा मरणार आहेत का?" कुणी त्याला गप्प केलं. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि त्या तशाच अर्ध्यावर राहिल्या. आर्किटेक्ट बाई पुढे आल्या. "अण्णा," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "अण्णा, हे काय आहे?"

अण्णा दिव्याकडे बघत नव्हते. ते चेहऱ्यांकडे बघत होते, एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, घाबरल्या माणसाने घरभर किल्ली शोधावी तसे. मग थोरलीकडे वळले. "चुकलंय ना?" ते कुजबुजले. "थोरले, कोणती पट्टी आहे ही?" "चुळीची." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तुम्हाला दिसत नाही, अण्णा." "दिसत नाही," अण्णा म्हणाले, जसं काही हे सगळ्या जगाला ठाऊकच आहे. "रंग नाही दिसत. केव्हाचाच नाही. सगळं चहात बुचकळल्यासारखं." "मग मोतीबिंदूचं ऑपरेशन का नाही..." "करून काय बघू? मागे केलेलं सगळं खरं कसं आहे ते? आणि गरज काय होती? तुझा चेहरा होता." तिला कळेना. "अगं, उजेड बरोबर असला की तुझ्या कपाळावरची शीर निवळते. बरोबर नसला की डावीकडून ओठ ओढतेस. एवढीशी होतीस तेव्हापासून. मी कुठे पट्ट्या निवडत होतो? तू निवडायचीस, मी बघायचो. कुत्र्याचं शेपूट बघतात तसं." त्यांनी तिच्या चेहऱ्याजवळ चेहरा आणला. "त्या दिवशी काहीच नाही. शीर नाही, ओठ नाही. पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. मला वाटलं, या खेपेला इतका खरा उजेड सापडला की माझी थोरली शांत झाली." थोरलीच्या ओठाचा कोपरा डावीकडे ओढला गेला, तिच्या हुकमाबाहेर. अण्णांनी तो बघितला. "मुद्दाम?" त्यांनी विचारलं. "हो," ती म्हणाली. अण्णांनी मान हलवली, हळूहळू, हिशोब जुळल्यासारखी. "शिकलीस म्हणजे," ते म्हणाले.

आणि त्यांनी माइक हातात घेतला. थोरलीला वाटलं, आता सगळ्यांसमोर सालपटं काढणार. तिने ते मान्यही केलं, मनातल्या मनात. "मी म्हातारा झालो," अण्णा म्हणाले, आवाज खणखणीत, जसा नेहमी. "माझे डोळे गेले. त्यालाही बरीच वर्षं झाली. लोक अण्णांचा उजेड अण्णांचा उजेड म्हणतात. तो अण्णांचा नाही. मागच्या कित्येक दिव्यांचं चित्र हिचं, वजन हिचं, आणि उजेड तर सगळाच्या सगळा हिने निवडलेला. हाही. हा दिवा माझ्या थोरलीचा आहे. हे थोरलीचं काम." ते थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि माइक आर्किटेक्ट बाईंच्या हातात दिला. टाळ्या झाल्या. मोठे डॉक्टर वाजवत होते म्हणून देणगीदारांनी वाजवल्या, देणगीदार वाजवत होते म्हणून खुर्च्यांवरच्यांनी वाजवल्या, रुमालवाल्या बाईने आरसा मांडीवर सांभाळून वाजवल्या. सगळे चेहरे थोरलीकडे वळले, एकूणएक. तिने सगळे बघितले, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. आर्किटेक्ट बाई फक्त टाळ्या वाजवत नव्हत्या. पट्ट्या बदलता येतील, थोरलीला वाटलं, आठवडा लागेल, कडी खाली घ्यावी लागतील. बदलता येतील. पण आज जे एकमेकांना दिसलं ते कुठली पट्टी लावून न दिसलेलं करणार?

गर्दीतून वाट काढत आई आली. तिचे गाल ओले होते, आणि त्या उजेडात ती थोरलीला इतकी मेलेली दिसली की तिने आईचा हात धरला, गरम आहे का बघायला. गरम होता. "ऐकलंस ना?" आई म्हणाली. "ऐकलंस ना गं? मला सगळं कळायचं, तुला काय हवं होतं ते. मी बोलत नव्हते, पण कळायचं." "हो आई." "आठवडाभर त्यांचं भाषण पाठ करणं चाललं होतं. आरशासमोर उभं राहून. मला दम दिलेला, थोरलीला कळता कामा नये, तोंड बघायचंय मला तिचं." थोरलीने आईचा हात सोडला नाही. "हेच?" तिने विचारलं. "हेच पाठ करत होते? आधीपासून?" "शब्दन् शब्द. फक्त ते डोळ्यांचं नव्हतं, ते आजच सुचलं असेल, मला मेलीला तरी कुठे सांगितलं होतं. आणि शेवटी एक वाक्य होतं, ते राहिलं बघ." आईने पदराने डोळे पुसले. "'मला तिचा अभिमान आहे.' रोज तिथेच अडखळायचे, आवाज भरून यायचा, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. आज नेमके विसरले. एवढी माणसं समोर, वय झालं."

"हो," थोरली म्हणाली. "विसरले असतील."